घोडं कुठे पेंड खातं

चर्च स्ट्रेटनच्या वर, मेंढ्यांच्या रिकाम्या गोठ्यात
सकाळी सातला नकाशाची खोली.
आत फक्त माणसं. घोडी बाहेर.
वीस मिनिटं आणि एक लाल पेन,
भिंतीवरची वाट आपापल्या कागदावर उतरवून घ्यायची.
शेजारची हिल्डा थ्रप दर वळणाला जीभ चावते.
मी रेघ ओढते तशी, जशी अप्पा ओढायचे
सिन्नरच्या मोजणी कचेरीत,
गट नंबर दोनशे चौदा, पोटहिस्सा तीन,
दोन भावांच्या मधून जाणारी,
दोघांनाही न पटणारी.

बाहेर टीझल.
वेल्श कॉब, वय सोळा, पोट रांजणासारखं. उसनी.
मालकीण मिसेस प्रॉबर्ट खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी.
लगाम देताना एवढंच म्हणाल्या,
ही खोटं बोलते हं.
मी हसले.

पिशवीत शिट्टी, विजेरी, होकायंत्र, बँडेज,
खुरातला खडा काढायची आकडी,
आणि नियमात न बसणारा एक शेंगदाण्याचा लाडू.

पहिल्या चौकीवर डेस्मंड प्यू, मांडीवर घोंगडी, हातात थर्मास.
पुढचा टप्पा ताशी आठ किलोमीटर, म्हणाला,
जास्त नको, कमी नको.
आणि त्याचं वाक्य संपायच्या आत
लाँग मिंडवर धुकं आलं.

वाळलेल्या नेच्यांत दोन वाटा.
नकाशा म्हणाला उजवी.
होकायंत्रही उजवी.
टीझलनं कान टवकारले आणि डावीकडे मान वळवली.
मी टाच मारली. ती ढिम्म.
तेव्हा मला लहानपणापासून ऐकलेले
सगळे इमानी घोडे आठवले, एकदम,
शुद्ध हरपलेल्या धन्याला घरी आणणारे,
तुटलेल्या कड्यापाशी थबकणारे.
मुक्या जनावराला कळतं.
डोळ्यांत पाणीबिणी आलं माझ्या.
लगाम सैल सोडला.

काय निघाली!
सोळा वर्षांची म्हातारी दुडक्या चालीनं,
ओढा न विचारता ओलांडला,
फाटकापाशी स्वतःहून आडवी उभी राहिली
म्हणजे मला कडी काढता यावी.
अर्धा तास मी तिच्या मानेवर थोपटत होते,
शाबास गं, शाबास.

धुकं विरलं.
समोर मैदान, गाड्यांची रांग,
आमचाच हिरवा ट्रेलर,
त्याला टांगलेली गवताची जाळी.
तिनं थेट तोंड खुपसलं.
घोडं कुठे पेंड खातं
हे आयुष्यभर वाक्यातच ऐकलं होतं,
आज खोगिरावर बसून बघितलं.

दोन चौक्या हुकल्या. शंभर गुण गेले.
डेस्मंड प्यूनं नोंद करताना
घोंगडीआडून खांदे हलवले.

दुपारी दुसरी परीक्षा.
दीडशे मीटर, दोन दोऱ्यांमधली पट्टी.
जाताना दौड, पण होईल तितकी सावकाश.
येताना चाल, पण होईल तितकी भरभर.
हे मला येतं.
टेलफर्डच्या इस्पितळात तेवीस वर्षं
धावायचं नाही, रुग्ण घाबरतात,
आणि पोचायचं मात्र आधी.
टीझलला यातलं काही सांगावं लागलं नाही.
गवतापासून दूर जाताना
ती अशी दौडली की परीक्षकाला घड्याळ बंद पडल्याची शंका आली,
आणि गवताकडे परतताना
अशी चालली की माझी टोपी उडाली.
तीसपैकी तीस. दोन्ही वेळा.
एकूण बावीसांत एकोणिसाव्या.

खरारा करताना लाडू तिनंच खाल्ला.

रात्री टेबलावर नकाशा पसरला.
लाल रेघ जिथे सोडली तिथून
आम्ही गेलो ती वाट पेन्सिलीनं काढली,
ओढ्यातून, फाटकातून, सरळ ट्रेलरपर्यंत.
कागदावर नसलेल्या पण पायांनी पाडलेल्या वाटेला
अप्पांच्या दप्तरात शब्द होता, वहिवाट.
भांडणं त्यावरच जास्त व्हायची.

नकाशाचा एक कोपरा टीझलच्या पोटात गेलाय.
तिथे कुठलं गाव होतं, आठवत नाही.